'भूतनाथ' : क्षमेसाठी थांबलेले घर

लहान मुलाला भूत दिसते आणि मोठ्यांना ते दिसत नाही, ही चित्रपटसृष्टीची जुनी युक्ती. विवेक शर्मा दिग्दर्शित 'भूतनाथ' (2008) ह्या हिंदी चित्रपटाचा आरंभ त्याच युक्तीने होतो. गोव्यातील एका जुन्या बंगल्यात आईबरोबर राहावयास आलेला बंकू भुताला भीत नाही, उलट त्याच्याशी मैत्रीच करतो. पूर्वार्ध असा हसतखेळत सरतो. मात्र हे भूत घर का सोडत नाही, हे कोडे हळूहळू उलगडू लागते तेव्हा आम्ही खुर्चीत सावरून बसलो.

कैलाश नाथ हा ह्याच घराचा मालक. मुलगा अमेरिकेत स्थिरावलेला. म्हातारपणी मुलाने घर विकावयास काढले. त्याला अडवू पाहणारा बाप जिन्यावरून कोसळून मरण पावला आणि मुलगा निघून गेला. बाप मात्र तेथेच राहिला. अमिताभ बच्चन ह्यांनी ह्या बापाचा राग आणि त्याखालचे दुःख मोठ्या संयमाने उभे केले आहे.

चित्रपटाचे बीज ऑस्कर वाइल्ड ह्यांच्या 1887 सालच्या 'कँटरव्हिलचे भूत' ह्या कथेत आहे. परंतु तेथील भूत पत्नीचा खून केलेले, म्हणजे अपराधी आहे. व्हर्जिनिया नावाची मुलगी त्याच्यासाठी अश्रू ढाळते, प्रार्थना करते आणि त्याला विसावा मिळतो. (मृत्युशय्येवर वाइल्ड कॅथोलिक झाले, हे येथे आठवते.) 'भूतनाथ'ने हे नाते उलटे केले. येथे भुतावरच अन्याय झाला आहे. त्याला क्षमा मिळवावयाची नाही, द्यावयाची आहे. बाप घरात अडकला आहे तो आपल्याच न दिलेल्या क्षमेमुळे. आमच्या मते चित्रपटाचे खरे बळ ह्याच बदलात आहे.

दोष आहेतच. दारुडा चोर दाखवावयाचा तर त्याचे नाव अँथनी! हिंदी चित्रपटांची ही खोड केव्हा जाणार? शिवाय श्राद्धविधीने निरोप घेतलेले भूत शेवटी गमतीखातर परत आणल्याने निरोपाची धार बोथट होते.

तरीही चित्रपट आमचा पिच्छा सोडीत नाही. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी अंधेरीच्या गावठाणातील जुन्या घरांत आम्ही जातो. भिंतीवर कॅनडातील नातवंडांची छायाचित्रे, टेबलावर टेलिफोन आणि दाराशी बिल्डरचे निरोप. कित्येक घरांत वाटणीवरून बापलेकांचे बोलणे तुटलेले असते. ही माणसे अजून हयात आहेत, पण त्यांचे थांबणे कैलाश नाथाच्या थांबण्याहून फारसे वेगळे नाही.

2 नोव्हेंबरला आपण कबरींवर फुले वाहतो, मृतांसाठी मिस्सा अर्पण करवितो. त्याचे मोल आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. परंतु 'प्रभूची प्रार्थना' रोज म्हणणाऱ्यांनी क्षमेचा हिशेब कबरीपर्यंत लांबवावा का? चित्रपटातील बापाला तो प्रश्न विचारावयास एक लहान मूल यावे लागले. वाचकहो, घरातल्या मुलांसह हा चित्रपट अवश्य पाहा, आणि तो संपल्यावर ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्यांना एक फोन करा.