निश्चिंत कोण? काकाजी की धोंडोपंत?

विलेपार्ल्याच्या पूर्वेस जुन्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला चिंतेचा विषय शोधावा लागत नाही. तो डोक्यावरूनच जातो. विमानतळ शेजारी, त्यामुळे विमानांच्या वाटेखालच्या इमारतींच्या उंचीला मर्यादा. उंची नाही म्हणून बांधणाऱ्याला फायदा नाही, फायदा नाही म्हणून नवी इमारत नाही, आणि तोवर जिन्याला टेकू! आमच्या इमारतीचे कागद अशाच कारणाने कैक वर्षे अडून होते. माझे वडील सोसायटीचे चिटणीस. रात्री दोन वाजता उठून ते फाइल उघडीत, जणू संध्याकाळी वाचलेला नियमातला आकडा रात्रीतून बदलला असेल.

त्या दिवसांत येणारा प्रत्येक स्नेही एकच औषध सांगे, "अण्णा, पु. ल. वाचा आणि चिंता सोडा." पार्ल्यात हे औषध घरचेच. पु. ल. इथेच वाढले, पार्ले टिळक विद्यालयात शिकले. लोकमान्य सेवा संघाच्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. वडिलांनी औषध मुकाट्याने घेतले. प्रथम 'तुझे आहे तुजपाशी' वाचले आणि पुस्तक मिटून म्हणाले, "छान आहे. पण काकाजींना सोसायटीचं चिटणीसपद नाही." नंतर 'असा मी असामी' मात्र दोनदा वाचले. घरातल्या या निकालाकडे त्या वेळी मी हसून दुर्लक्ष केले. आज मला तो आपल्या बऱ्याच टीकालेखांपेक्षा नेमका वाटतो.

'तुझे आहे तुजपाशी' १९५७ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून मराठी प्रेक्षक काकाजींच्या प्रेमात आहे, आणि पुलंच्या जीवनदृष्टीचा विषय निघाला की काकाजींनाच साक्षीला बोलावण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. पण नाटकातला झगडा आहे तो आचार्यांच्या रुक्ष व्रतस्थपणाशी. जगणे नाकारणाऱ्याला काकाजी उत्तर देतात. जगण्याच्या घोराने ज्याला झोप नाही, त्याला त्यांच्यापाशी फारसे उत्तर नाही. इंदूरच्या खानदानी घरातली ती ऐट वारशाने आलेली आहे. अर्थात पैसा असूनही तळमळणारी माणसे आपण पाहतोच, आणि ज्या संस्थानी जमान्यात आपण रंगलो तो मावळला म्हणून काकाजी कुढत बसत नाहीत, हे त्यांचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. तरीही भाड्याच्या खोलीतल्या माणसाने त्यांचा कित्ता गिरवावा म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला विड्याची रंगत समजावून सांगणे होय.

'बटाट्याची चाळ' १९५८ची. तीतला 'उपास' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आपले वजन तरी आपल्या हातात असेल ना, असे पंतांना वाटते. ते आहार बदलतात, चाळभर सल्ले गोळा करतात, आणि काटा उलट्या बाजूलाच सरकतो! हातातले कोणते आणि हाताबाहेरचे कोणते, ही रेघ आपण समजतो तिथे नसते, ही गोष्ट पुलंनी इथे कसलाही आव न आणता सांगितली आहे.

पण या विषयावरचे त्यांचे खरे पुस्तक १९६४चे 'असा मी असामी'. धोंडो भिकाजी जोशी या कारकुनाच्या आयुष्यात त्याने स्वतः ठरवून घडवलेले असे जवळजवळ काहीच नाही. धोतर जाऊन पाटलोण येते ती काळाच्या रेट्याने. चाळ, बिऱ्हाड, मुलांचे शिक्षण, पाहुणे, सगळे त्याच्यावर येऊन आदळते. एका गुरूंच्या बैठकीलाही तो जाऊन बसतो. शांती तिथेही त्याला मिळत नाही, मिळतो तो आणखी एक गमतीचा अनुभव. आणि तरीही तो दुसऱ्या दिवशी कचेरीत जातो. धोंडोपंतांचे चिंता सोडणे ते एवढेच. काकाजींसारखे ते आनंदाचे तत्त्वज्ञान सांगत नाहीत. आपली फजिती आपणच सांगून टाकतात. जे बदलता येत नाही ते निदान सांगता येते, आणि सांगताना त्याचे ओझे ऐकणाऱ्याच्या हसण्यात वाटले जाते.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. धोंडोपंतांनी सोडलेल्या कित्येक चिंता त्यांच्या कुटुंबाने उचललेल्या दिसतात. पुस्तक तिची हौस आणि तिचा हट्ट रंगवते. तिला झोप लागते की नाही, हे विचारत नाही. पुरुषाच्या निश्चिंतपणाचा खर्च घरात कोणाच्या खाती पडतो, हा प्रश्न आपल्या विनोदी वाङ्मयाने एकंदरीतच टाळला आहे. आमच्या घरीही रात्री दोनला फाइल वडील उघडीत, पण सकाळी गळक्या टाकीसाठी नळवाल्याला गाठी ती आई!

हसण्यातही जे सुटत नाही ते पुलंना कळत नव्हते असे मात्र नाही. 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा पाहा. बायको गेल्यापासून दारचा हापूस मोहरला नाही एवढेच तो सांगतो आणि पुन्हा आपल्या तिरकस बोलण्याकडे वळतो. दुःख त्याने सोडलेले नाही; आंब्याच्या झाडावर टांगून ठेवले आहे. मराठीत इतक्या थोडक्यात इतके सांगणारी जागा विरळा. आणि जिथे सोडून देणे गैर, तिथे हाच लेखक १९७७च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध सभा गाजवीत हिंडला. त्याच्या विनोदाला 'चालायचेच' म्हणून हात झटकण्याची सबब करणाऱ्यांनी हे साल विसरू नये.

वडिलांपुरते सांगायचे तर त्यांनी फाइलीच्या पहिल्या पानावर एक कागद टाचला. त्यावर चार कामे होती: टाकी, जिन्याचा टेकू, पावत्या, सभासदांना दरमहा खरी हकीकत कळवणे. टाकीपुढे आईने पेन्सिलीने लिहिले, "हे तुमच्याकडे." विमानांच्या वाटेबद्दल कागदावर अक्षरही नव्हते.

त्यानंतर संध्याकाळी गॅलरीत बसून ते आईला 'असा मी असामी' मोठ्याने वाचून दाखवू लागले. विमान आले की ओळीवर बोट ठेवून थांबत. आवाज विरला की आई म्हणे, "हं, पुढे."