नोव्याचा वेढा : साधनांची भाषा आणि इतिहासाचा निवाडा

धर्मापुरीचा किल्ला आणि तेथील केदारेश्वराचे देवालय यांमुळे बीड जिल्हा स्थापत्याच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. परंतु त्याच प्रदेशात 1818 मध्ये झालेला धर्माजी प्रतापरावांचा उठाव आणि पुढच्याच वर्षी मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर नोवा येथे झालेला वेढा यांची चिकित्सा तितक्या आस्थेने झालेली नाही.

नोव्याची गढी हटकर नाईक नोवसाजी मस्के यांची होती. उमरखेडच्या लढाईत माघार घ्यावी लागल्यावर त्यांची शिबंदी तेथे कोंडली गेली. मेजर पिटमन यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेने जानेवारी 1819 मध्ये वेढा घातला आणि अखेर हल्ला करून गढी घेतली. शिबंदीतील बहुसंख्य लोक मारले गेले. नाईकांस हैदराबादेस नेण्यात आले व तेथेच त्यांचा अंत झाला.

या घटनेची प्रमुख मुद्रित साधने म्हणजे लायल यांचे 1870 चे वऱ्हाड गॅझेटिअर आणि बर्टन यांचा 1905 चा हैदराबाद कंटिंजंटचा इतिहास. दोन्ही जेत्याच्या दप्तरातून निघालेली आहेत. तारखा व लष्करी हालचाली यांसाठी ती उपयुक्त होत. पण नाईकांस लुटारू ठरविणारा त्यांतील निवाडा हे प्रमाण नव्हे. डोंगराळ मुलखात पिढीजात वचक असलेल्या, आणि अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तही ज्यांच्या बळाची नोंद आहे, अशा समाजाची बाजू त्या एका शब्दात लोपते. केवळ लुटीसाठी जमलेली टोळी तोफांसमोर शेवटपर्यंत गढी लढविते, हे मानणे कठीण आहे.

तथापि याच्या उलट टोकास जाऊन या वेढ्यास इंग्रजांविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध म्हणणेही तितकेच असमाधानकारक आहे. गढीत भाडोत्री अरब होते. बाहेर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत लढणारे शिपाई बहुतांशी एतद्देशीयच होते आणि त्यांचा खर्च निजामाच्या खजिन्यावर पडत होता. रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या काळात घडविलेल्या या फौजेने स्थानिक सत्तेच्या नावाने इंग्रजी सत्तेची पकड दृढ केली, हे नोव्याचे खरे मर्म होय.

कंटिंजंटच्या पलटणींना ‘नोवा’ हे युद्धसन्मानाचे नाव मिळाले. ते निशाणावर टिकले. गढीत पडलेल्यांची नावे मात्र कोणत्याही निशाणावर नाहीत. संशोधकाने जेत्याचे शब्द आणि वारसांचा अभिमान ही दोन्ही सारख्याच कसोटीस लावली, तरच त्यांना न्याय मिळेल.