‘टॉप’चे आकडे : खरे, पण अपुरे

पालेगावच्या शाळेत असो वा पुण्याच्या प्रयोगशाळेत, लिनक्सवर विद्यार्थ्याचा प्रोग्राम रेंगाळला की ‘टॉप’ ही आज्ञा देतात. कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतो, हे ती चटकन दाखवते. स्मृतीचे आकडे मात्र जपून वाचावेत. दहा प्रोग्राम एकच लायब्ररी वापरत असतील, तर तिची जागा दहांच्याही नावे धरली जाते. वाडीची विहीर प्रत्येक घराच्या उताऱ्यावर चढवावी तशी. बेरीज फसवते.

मोठी उणीव वेगळीच : प्रोग्रामचा कोणता भाग वेळ खातो, हे कळत नाही. डोनाल्ड कनूथ यांना १९७१ साली फोर्ट्रान प्रोग्रामांत ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ घेताना आढळला. तो भाग प्रोफाइलर दाखवतो. पायथनसोबत तो विनामूल्य मिळतो. नव्या संगणकाची मागणी करण्याआधी शिक्षकांनी तो वापरावा, असे आम्हाला वाटते.