'अस्थिपर्याय' या संज्ञेविषयी

अस्थिशल्यचिकित्सेत हाडाची पोकळी भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिरॅमिक द्रव्यांना 'अस्थिपर्याय' ही संज्ञा सहज सुचते. ती स्वीकारण्यापूर्वी तपासावयास हवी. मराठीत 'पर्याय' म्हणजे समानार्थी शब्द असाही अर्थ रूढ आहे, आणि तुल्यतेची ती छटा येथे रुग्णाच्या हिताशी निगडित आहे. ('मृत्तिका' हा शब्द तर मुळीच चालणार नाही, कॅल्शियम फॉस्फेटात माती नसते.)

रुग्णाच्याच श्रोणीतून काढलेले अस्थिकलम तीन कार्ये करते. त्यातील जिवंत पेशी अस्थी निर्माण करतात, त्यातील प्रथिने शेजारच्या पेशींना तसे करण्यास प्रवृत्त करतात, आणि त्याचा सांगाडा नव्या अस्थीला आधार देतो. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांच्याकडून मुख्यत्वे तिसरेच कार्य घडते. काही सच्छिद्र द्रव्यांनी प्राण्यांच्या स्नायूंत अस्थिनिर्मिती घडविल्याचे आढळले आहे हे खरे. तथापि त्यांत पेशी नसतातच. शिवाय ती ठिसूळ. पोकळीभोवती निरोगी, रक्तपुरवठा असलेली अस्थी असेल तेथे हे उणेपण खपून जाते. न सांधणाऱ्या अस्थिभंगात ते भोवते.

हा विवेक पाणिनीय व्याकरणाने 'आदेश' या संज्ञेत केला आहे. स्थानीच्या जागी येणारा आदेश स्थानीप्रमाणेच मानावा, मात्र स्थानीच्या वर्णांवर अवलंबून असलेल्या विधीत मानू नये, असा तो नियम. सिरॅमिकाचेही तसेच: जागेमुळे येणारी कार्ये त्याला लाभतात, पेशींवर अवलंबून असणारी लाभत नाहीत.

साम्य येथे संपते. व्याकरणात आदेश राहतो व स्थानी जातो. शल्यवैद्याला स्थानीच परत हवा असतो. ड्रीसमनने १८९२ मध्ये वापरलेले प्लास्टर ऑफ पॅरिस काही आठवड्यांतच शोषले जाते, पुष्कळदा नवी अस्थी येण्यापूर्वीच. अ‍ॅल्बी व मॉरिसन यांनी १९२० मध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेटाचा प्रयोग केला. त्याचे आजचे सच्छिद्र रूप शोषले जाण्यास महिने लागतात. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट वर्षानुवर्षे टिकते. म्हणूनच या दोन फॉस्फेटांची मिश्रणे करतात.

'आदेश' म्हणजे आज हुकूम. तो शब्द रुग्णालयात चालणार नाही हे उघड आहे. 'अस्थिपूरक' म्हणावे, आणि त्यात 'शोष्य' व 'चिरस्थायी' असा भेद करावा. कोणते पूरक किती काळ राहावे हा प्रश्न 'पर्याय' या शब्दात उद्भवतच नाही.