तक्त्यावरची गाय

प्राथमिक शाळेच्या पहिली-दुसरीच्या वर्गात ‘पाळीव प्राणी’ या नावाचा एक रंगीत तक्ता भिंतीवर टांगलेला असतो आणि पुस्तकात त्याच नावाचा आठ-दहा ओळींचा पाठ असतो. वाङ्मयाची चर्चा करणारे आपण लोक या पाठाकडे वाङ्मय म्हणून कधी पाहत नाही. मला ते पाहावेसे वाटते. कारण आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले पहिले गद्य तेच.

या गद्याचा थाट ठरलेला आहे. गाय दूध देते, मेंढी लोकर देते, कोंबडी अंडी देते. सारी भिस्त ‘देणे’ या एका क्रियापदावर! वाचणाऱ्या पोराला वाटावे, की ही जनावरे पहाटे उठून दानधर्मालाच बसतात. गोठ्यातली भाषा अशी नाही. तेथे गाय गाभण राहते, नऊ महिन्यांहून थोडे अधिक दिवस भरले की विते, वासराने ढुशी दिली की पान्हा सोडते, एखादे वेळी पान्हा चोरते, पुढे आटते, भाकड होते. एवढ्या पाचसहा शब्दांत गाईचे चरित्र येते, आणि दूध कोठून आले तेही कळते. पाठाच्या सोवळ्यात यांतल्या फारच थोड्या शब्दांना प्रवेश असतो. त्यामुळे वासरू झाल्याखेरीज गाईला दूध नाही, ही साधी गोष्ट कित्येक शहरी मुलांच्या कानांवर कधी पडतच नाही. वसुबारसेला आपण गाईची पूजा करतो ती वासरासह करतो, आणि कित्येक घरांत त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य असते. आजीच्या या व्रतात जे आहे ते नातवाच्या पुस्तकात नाही!

चित्रांचेही तेच. अलीकडच्या गुळगुळीत पुस्तकांतली गाय काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, बिनवशिंडाची. मागे तांबडे कोठार. संकरित गाई आता आपल्याकडेही गावोगाव आहेत, तेव्हा चित्र अगदीच खोटे म्हणवत नाही. पण माणदेशात खिलार, मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी, सह्याद्रीच्या पावसात डांगी, अशी गुरे असताना साऱ्या मुलांनी एकच गाय रंगवावी, हे अजब आहे. पंढरपुरी म्हशीची खांद्यापलीकडे गेलेली शिंगे तर तक्त्याच्या चौकटीत मावणारच नाहीत.

मग शिकवावे काय? माझ्या मते उपयोगांची यादी थोडी आवरून जनावराकडे पाहायला शिकवावे. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते, घोडा पुढचा. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात; मग गवत तुटते कसे? ती जिभेने झुबका ओढते, खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांत धरते आणि मानेला हिसडा देते. हे एकदा पाहिलेले मूल जन्मात विसरत नाही.

खरा अन्याय होतो तो गुराख्याच्या पोरावर. शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, म्हशीचे रेडकू, गाय हंबरते, म्हैस रेकते, हे त्याला तोंडपाठ. पण निबंधात त्याने ‘गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला चार पाय व एक शेपूट असते’ असे लिहावे, तेव्हा गुण! आपल्याला येते ते ज्ञानच नव्हे, अशी समजूत सातव्या वर्षीच त्याच्या मनात पक्की होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. 1945 साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा या बायांनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला नावही ‘कुरणशाळा’ असे दिले. आपल्या पाठ लिहिणाऱ्यांनी चार दिवस अशा शाळेत बसून मग लेखणी उचलली असती, तर निदान ‘पान्हा’ हा शब्द तरी पुस्तकात आला असता.

सुटीत मुले आजोळी जातील. त्यांना गोठ्यात न्यावे आणि मामाला प्रत्येकीचे नाव विचारावयास सांगावे. कपिला, तांबू, चांदी. कोणाची व्यायची वेळ जवळ आली आहे, कोण लाथ मारते, हेही तो सांगेल.