एक अळी आणि तीन अभ्यासपत्रिका

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात आनुवंशिकी, कीटकशास्त्र व जलजीवशास्त्र यांची मांडणी बहुधा स्वतंत्र अभ्यासपत्रिकांतून होते. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यक आहे. परंतु ती निसर्गाने केलेली नाही, याचे भान शिकविताना सुटते, हा आमचा मुख्य आक्षेप होय.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात मुंढवा, केशवनगर, खराडी या भागांत नदीवर कीटकांचे उंच स्तंभ उठले. ‘डासांचे वादळ’ म्हणून त्यांचा बोलबाला झाला. ते डास नसून कायरोनोमिड कुळातील न चावणारे कीटक असावेत, असे मत जाणकारांनी व्यक्त केले. वस्तुतः हा भेद कोणाही पदवीधरास करता यावा. डासाच्या पंखांवर खवले असतात व तोंडाशी लांब सोंड असते. कायरोनोमसला ही दोन्ही नसतात. त्याचे थवे प्रामुख्याने नरांचे असून समागमासाठी जमलेले असतात. ज्याने कीटक केवळ टाचणीला टोचलेला पाहिला, त्यास थव्याचा अर्थ कसा उमगावा?

या कीटकाची तांबडी अळी तळाच्या गाळात राहते. हीमोग्लोबिनमुळे ती प्राणवायू अत्यल्प असलेल्या पाण्यातही तगते. म्हणूनच तिची विपुलता सेंद्रिय प्रदूषणाची खूण मानली जाते. विंक्लर-पद्धतीने काढलेला विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा या अळीच्या शेजारी ठेवला म्हणजे बोलका होतो. बाल्बियानीने 1881 साली महागुणसूत्रे प्रथम पाहिली तीही कायरोनोमसच्याच लाळग्रंथींत; आणि 1952 मध्ये बीअरमनने त्यांवरील फुगवट्यांचा संबंध जनुकांच्या क्रियाशीलतेशी जोडला, तोही याच प्रजातीच्या अभ्यासातून.

या गुणसूत्रांचे प्रात्यक्षिक महाविद्यालयांत होतही असते. अळी काचपट्टीवर येते, रंगविली जाते, आकृतीला गुण मिळतात. मात्र ती कोणत्या पाण्यातून आली, हा प्रश्न त्या तासाच्या कक्षेत येत नाही.

मेंडेलची प्रमाणे दाखविण्यास ड्रॉसोफिलाच सोयीची, आणि एकाच प्राण्यावर तिन्ही विषय उभे राहणार नाहीत, हे मान्य आहे. आमची सूचना मर्यादित आहे. नदीतील गाळाचा एकच नमुना योग्य दक्षता घेऊन आणावा. त्यातील पाण्याची परीक्षा, अळीची ओळख व तिच्या गुणसूत्रांचे निरीक्षण एकाच नोंदवहीत व्हावे, आणि तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी ती नोंदवही एकत्र बसून तपासावी. यास नवे उपकरण लागत नाही; वेळापत्रकाच्या भिंती थोड्या हलवाव्या लागतात. तेवढे झाल्यास पुढील थवा उठेल तेव्हा त्याचे नाव, त्याचे कारण आणि नदीची अवस्था ही तिन्ही नागरिकांस समजावून सांगणारा विद्यार्थी याच शहरात सापडेल.