ऑनलाइन शिक्षण : झिरपण्याचा नवा सिद्धांत

शिक्षणाच्या क्षेत्रात आज एक नवी भाषा रूढ झाली आहे. 'कुणालाही, कुठेही, केव्हाही' ही तिची घोषणा. २०१७ साली 'दीक्षा' आणि 'स्वयम्' ही सरकारी व्यासपीठे सुरू झाली. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ऑनलाइन शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. २०२२च्या अखेरीपासून तर प्रश्न टाकताच उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यार्थ्याच्या मोबाइलवर येऊन बसली. या सगळ्याचे स्वागत जोरात चालू आहे. परंतु ज्या समाजाने शतकानुशतके ज्ञानबंदी भोगली, त्याला 'ज्ञान आता सर्वांना खुले आहे' असे कुणी सांगू लागले, तर त्याने आधी विचारले पाहिजे : ते खुले कुणी केले, आणि कोणत्या अटीवर?

एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. हा यंत्राला विरोध नव्हे. यंत्राला नाके मुरडणे ही आपली परंपरा नाही. १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यांविषयीच्या कार्याची झडती घेताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला होता. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्राच्या माथी मारले जाणारे दोष हे मुळात समाजरचनेचे दोष आहेत, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून आपला प्रश्न यंत्राचा नाही. ते ज्या समाजरचनेत येऊन पडते, तिचा आहे.

ही रचना महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच उघडी केली होती. वरच्या वर्गाला उच्च शिक्षण दिले की ते आपोआप खाली झिरपेल, असे इंग्रज सरकारचे धोरण होते. हंटर आयोगापुढील निवेदनात फुल्यांनी त्यावर घाव घातला. महसूल घामाने भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर शिकतात उच्चवर्णीय. त्यांनी आपल्या ज्ञानातून खालच्यांना काय दिले, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले आणि कष्टकरी जातींतून आलेले शिक्षक मागितले. ज्ञान वर तयार होईल आणि खाली पोहोचेल, हे गृहीतच त्यांनी नाकारले. आजच्या ऑनलाइन शिक्षणाचे गृहीत याहून वेगळे आहे काय? महानगरातील एका खोलीत पाठ ध्वनिचित्रमुद्रित होतो आणि डोंगरातील पाड्यावर तो झिरपेल असे मानले जाते. झिरपण्याचे साधन बदलले, सिद्धांत तोच राहिला.

तो किती झिरपला, हे कोरोनाच्या काळात दिसले. ज्याँ द्रेझ आदी अर्थतज्ज्ञांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२१मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १,४०० वंचित मुलांची पाहणी झाली. ग्रामीण भागातील अवघी ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती; ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्के, तर इतर ग्रामीण मुलांत १५ टक्के. म्हणजे वंचितांमध्येही जातीची उतरंड पडद्यावर जशीच्या तशी उमटली.

'आता घरोघरी मोबाइल आला', असे यावर उत्तर मिळते. हरसूलच्या परिसरात ते तपासून पाहावे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. माझ्या वर्गातली मुले कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांतली. काही थोडी बौद्ध घरांतली. भात-नागलीची कापणी उरकली की इथली माणसे गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातून द्राक्षबागांच्या कामावर जातात. घरात मोबाइल एक असतो आणि तो मजुरीला गेलेल्या माणसाबरोबर जातो. तो परत येतो रात्री. तेव्हा आधी भाऊ, मग बहीण. मोजणी घराची होते, शिकणे मात्र एकेकट्याचे असते. 'केव्हाही' या शब्दाचा अर्थ असा घराघरात वेगळा निघतो.

याहून खोल प्रश्न भाषेचा आहे. इथली मुले घरी जी कोकणी बोलतात, ती गोव्याची कोकणी नव्हे. केंद्र सरकारने २०२२मध्ये सुरू केलेला 'भाषिणी' हा उपक्रम मुख्यतः आठव्या अनुसूचीतील २२ भाषांभोवती उभा आहे. त्या अनुसूचीत गोव्याची कोकणी आहे. डांगपट्ट्यातील कोकणी नाही, वारलीही नाही. यंत्र लिहिलेल्या मजकुरावर शिकते. ज्यांच्या भाषेत लिहूच दिले गेले नाही, त्यांच्याबद्दल यंत्रापाशी असते ते इतरांनी लिहिलेले : गॅझेटियर, अहवाल, वर्णने. माझा विद्यार्थी यंत्राला आपल्याच समाजाविषयी विचारतो, तेव्हा त्याला दुसऱ्याच्या नजरेतला 'आदिवासी' परत मिळतो. दलित साहित्याने 'आमच्याविषयी आम्हीच लिहू' असे म्हणून जी लढाई दिली, ती या यंत्रासमोर पुन्हा द्यावी लागणार आहे.

तिसरी बाब शिक्षकाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करण्यास महाविद्यालये मान्यता देऊ शकतात. जिथे सर्व शिक्षक आहेत तिथे ही जोड ठरेल. जिथे जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक वर्ष ढकलतो आहे, तिथे हीच तरतूद रिकामी जागा झाकण्याचे पांघरूण होऊ शकते. शहरातल्या मुलाला शिक्षक अधिक पडदा, खेड्यातल्या मुलाला शिक्षकाऐवजी पडदा : ही नवी वर्णव्यवस्था होय. आणि शिक्षकाची जागा गेली की तिच्याबरोबर राखीव जागाही जाते, हे विसरता कामा नये.

मग पर्याय काय? तो आपल्याच इतिहासात आहे. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले गेले. वेळ विद्यार्थ्याच्या सोयीची केली, पण शिक्षक आणि ग्रंथालय काढून घेतले नाही. १९८९ साली नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण सुटलेल्यांच्या हाती त्याने मराठीतली स्वयं-अध्ययनाची पुस्तके दिली, आणि त्यासोबत अभ्यासकेंद्र व संमंत्रकही दिला. दुरून शिकवणाऱ्यांनाही ठाऊक होते की, जवळ एक माणूस लागतो.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. आधी शिक्षक, ग्रंथालय आणि वसतिगृह. त्यांच्या जोडीला यंत्र, त्यांच्या बदल्यात नव्हे. आणि यंत्रात जे भरायचे ते भरण्याचा अधिकार. आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीत, आपल्या माणसांच्या श्रमाचे, गाण्यांचे, लढ्यांचे पाठ स्वतः तयार करावेत. हे काम हरसूलसारख्या ठिकाणी आजही सुरू करता येईल. त्याला परवानगी लागत नाही.

अस्पृश्याला पूर्वी पाणी मिळतच नव्हते असे नाही. कुणीतरी वरून ओंजळीत ओतले तर मिळत होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, ती ओतलेले पाणी नाकारण्यासाठी. ज्ञानाच्या तळ्याचेही तसेच आहे. झिरपून येणाऱ्या थेंबांची वाट पाहत बसायचे नसते, काठावर जायचे असते.